नवरीचा फोटो आणि व्हिएन्नाचे भिंग

आपल्या धर्मग्रामांतील जुन्या घरांच्या बैठकीत, पवित्र हृदयाच्या तसबिरीच्या आसपास, आजी-आजोबांच्या लग्नाचा एखादा फोटो हमखास टांगलेला असतो. नवरा खुर्चीवर ताठ बसलेला, नवरी त्याच्या खांद्यालगत उभी. दोघांच्याही मुद्रेवर हसू नाही. मात्र फोटोतील प्रत्येक वस्तू स्वच्छ दिसते: नवरीच्या हातातील फुले, खुर्चीचे कोरीव पाय, मागच्या पडद्यावर रंगविलेला जिना. त्याच घरात नातीच्या लग्नाचा फोटो पाहावा, तर सारे उलटे. तिच्या पापण्या मोजता येतील इतक्या रेखीव; परंतु कानातले डूल धूसर, आणि मागे उभी असलेली आई म्हणजे केवळ एक रंगीत धुके.

हा फरक बदलत्या आवडीनिवडीचा आहे, असे म्हणून आपण तो सोडून देतो. तो तसा आहेही. परंतु त्याच्या मुळाशी काचेचे एक उपकरण आहे. छायाचित्रकार ज्याला आज ‘फास्ट पोर्ट्रेट लेन्स’ म्हणतात, म्हणजे थोड्या वेळात भरपूर उजेड आत घेणारे, माणसाचा चेहरा टिपण्यासाठीच घडविलेले भिंग, त्याचा मूळपुरुष १८४० साली व्हिएन्ना शहरात जन्मला. प्रस्तुत लेखात त्या भिंगाची, त्याच्या कर्त्याची आणि अशा भिंगापुढे बसलेल्या काही वधूंची हकिकत सांगण्याचा आमचा मानस आहे. तीतून आपल्या घरांनी काय घ्यावे, याचाही विचार अखेरीस करू.

डोके धरून ठेवणारा लोखंडी हात

पॅरिसच्या लुई दागेर याने शोधलेली छायाचित्रणाची पद्धत १९ ऑगस्ट १८३९ रोजी जगापुढे मांडण्यात आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर आयोडीनची वाफ धरायची, तो पत्रा कॅमेऱ्यात बसवून उजेड दाखवायचा, आणि मग पाऱ्याच्या वाफेने त्यावरील चित्र प्रकट करायचे, अशी ही रीत होती. चित्र विलक्षण रेखीव निघे. अडचण होती ती वेळेची. ऋतू आणि उजेड यांनुसार दागेरला ३ पासून ३० मिनिटांपर्यंतचा अवधी लागे. पॅरिसच्या इमारतींना त्याचे काही वाटले नाही. माणसाला मात्र इतका वेळ उन्हात तोंड करून, पापणी न हलविता बसणे ही शिक्षाच होती.

दोष अर्धा रसायनाचा, अर्धा भिंगाचा. दागेरच्या कॅमेऱ्याला शार्ल शव्हालिए याने केलेले साधे जोडभिंग असे. ते पूर्ण उघडे ठेवले तर चित्र अस्पष्ट येई. म्हणून त्यापुढे बारीक छिद्राची चकती बसवावी लागे. भिंगाचे केंद्रांतर छिद्राच्या व्यासाने भागले की जो आकडा येतो, तो छायाचित्रकार ‘एफ’ या अक्षरापुढे लिहितात. आकडा जितका लहान, तितका उजेड अधिक. शव्हालिएच्या भिंगाचा आकडा एफ/१५च्या आसपास होता. भरउन्हात खिडकीची सारी झडप लावून एका फटीतून पाहावे, तसाच हा प्रकार म्हणायचा.

माणसांचे चित्र काढण्याची हौस मात्र थांबली नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट कॉर्नेलियसने १८३९ मध्येच स्वतःचे चित्र घेतले. न्यूयॉर्कच्या अलेक्झांडर वॉलकॉटने भिंगाला बगल देऊन अंतर्गोल आरशाचा कॅमेरा बनविला आणि १८४० मध्ये पोर्ट्रेट काढण्याचे दुकान थाटले; रिचर्ड बिअर्डने तोच कॅमेरा वापरून मार्च १८४१ मध्ये लंडनमध्ये, एका संस्थेच्या गच्चीवर, आपला स्टुडिओ उघडला. या साऱ्या ठिकाणी गिऱ्हाइकाच्या पाठीमागे एक लोखंडी दांडा उभा असे आणि त्याच्या वरच्या टोकाचा चिमटा गिऱ्हाइकाचे डोके मागून धरून ठेवी. जुन्या फोटोंतील माणसे हसत का नाहीत, याचे एक उत्तर या दांड्यापाशी आहे. ओठांवरचे हसू मिनिटभर तसेच धरून पाहावे, म्हणजे खात्री पटेल.

व्हिएन्नातील गणित

दागेरच्या शोधाची वार्ता व्हिएन्नाला नेणाऱ्यांत आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन हे प्राध्यापक होते. ते १८३९च्या उन्हाळ्यात पॅरिसला होते. परतल्यावर त्यांनी आपल्या विद्यापीठातील एका सहकाऱ्यापुढे प्रश्न ठेवला: याहून अधिक उजेड घेणारे भिंग गणिताने काढता येईल काय? हा सहकारी म्हणजे योझेफ पेट्झवाल. त्याचा जन्म १८०७ साली तेव्हाच्या हंगेरी राज्यातील, आणि आजच्या स्लोव्हाकियातील, स्पिश्स्का बेला या गावी एका शिक्षकाच्या घरी झाला. १८३७ पासून तो व्हिएन्ना विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक होता.

तोवर भिंगे घडविली जात ती कारागिराच्या हाताने आणि अंदाजाने. काच घासावी, पाहावी, पुन्हा घासावी, अशी ती परंपरा. पेट्झवालने कागदावरच भिंग रचावयाचे ठरविले. प्रकाशाचा प्रत्येक किरण काचेच्या प्रत्येक पृष्ठावर किती वळेल, याचे हिशेब करावयाचे म्हणजे आकडेमोडीचा डोंगर. तो उपसण्यासाठी आर्चड्यूक लुडविग यांनी सैन्याच्या तोफखान्यातील दहाएक माणसे त्याच्या मदतीस दिली. तोफेचा गोळा कोठे पडेल याचे गणित करणारी ही माणसे. ती आता माणसाच्या चेहऱ्यावरून परतणारा उजेड कोठे पडेल याचे गणित करू लागली. युद्धाच्या विद्येने इतके निरुपद्रवी काम क्वचितच केले असेल.

१८४० मध्ये भिंगाचा आराखडा तयार झाला. पुढे दोन काचा एकमेकींना चिकटविलेल्या, मागे दोन काचा मध्ये थोडी मोकळी जागा ठेवून बसविलेल्या; अशा एकूण चार काचा. प्रकाश वळविण्याचे काम दोन जोड्यांनी वाटून घेतल्यामुळे एकीचा दोष दुसरी सावरी, आणि छिद्र मोठे ठेवूनही चित्राचा मध्यभाग रेखीव येई. त्याचा आकडा होता एफ/३.६च्या आसपास. शव्हालिएच्या भिंगाच्या तुलनेत सोळा-सतरा पट उजेड! पंधरा मिनिटांचे बसणे एका मिनिटावर आले. त्याच सुमारास रसायनांतही सुधारणा झाली. आयोडीनच्या जोडीला ब्रोमीन आणि क्लोरीन वापरल्याने पत्रे अधिक संवेदनशील झाले. दोन्ही गोष्टी जुळल्यावर थोड्याच काळात मिनिटांचा हिशेब सेकंदांवर उतरला.

व्हिएन्नातील पेटर फोइग्टलेंडर या भिंग-कारखानदाराने ते भिंग बनविले आणि १८४१ मध्ये त्यासाठी संपूर्ण पितळी कॅमेरा विक्रीस आणला. त्यातून सुमारे ९ सेंटिमीटर व्यासाचे गोल चित्र निघे. भिंगाचा गवगवा युरोप-अमेरिकेत झाला. पुढील कित्येक दशके जगातील बहुतेक पोर्ट्रेट स्टुडिओंत याच धर्तीची भिंगे असत. कुणी परवानगीने केलेली, बहुतेक नक्कल करून केलेली.

कर्त्याच्या वाट्याला मात्र फारसे आले नाही. फोइग्टलेंडरने पेट्झवालला एकरकमी २,००० गुल्डन दिले. भिंग हजारोंनी खपू लागले तेव्हा दोघांत वितुष्ट आले. १८४९ मध्ये फोइग्टलेंडरने जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे कारखाना काढून तेथे उत्पादन चालू ठेवले. पेट्झवाल व्हिएन्नाजवळच्या कालेनबेर्ग टेकडीवरील एका ओसाड मठात राहू लागला. १८५९ मध्ये तेथे चोर शिरले आणि भिंगशास्त्रावरील त्याची हस्तलिखिते नष्ट झाली. तो ग्रंथ त्याच्या हातून पुन्हा लिहून झाला नाही. वयाच्या ६२व्या वर्षी, १८६९ मध्ये, त्याने आपले घर सांभाळणाऱ्या स्त्रीशी विवाह केला; अवघ्या चार वर्षांत ती निवर्तली. १८९१ मध्ये त्याचा अंत झाला. असंख्य वधूंचे चेहरे टिकवून ठेवण्याचे साधन ज्याने दिले, त्याच्या स्वतःच्या संसाराचा काळ एवढाच होता.

मधोमध लख्ख, कडेला धूसर

या भिंगाचा एक स्वभाव नीट ध्यानात घेतला पाहिजे, कारण आमच्या पुढील साऱ्या विवेचनाचा तो पाया आहे. पेट्झवालच्या भिंगाने उमटणारे चित्र सपाट पत्र्यावर नव्हे, तर वाटीच्या आतल्या अंगासारख्या वक्र पृष्ठावर सुस्पष्ट असते. पत्रा तर सपाट. त्यामुळे मधला भाग लख्ख येतो आणि कडांकडे जाताना स्पष्टता ढासळत जाते. मागची पाने-फुले तर वर्तुळात फिरल्यासारखी भासतात. शिवाय छिद्र मोठे असले म्हणजे समोरचा एक अरुंद पट्टाच रेखीव येतो. त्याच्या पुढचे आणि मागचे विरघळते.

म्हणजे उजेड मिळाला, पण त्याची किंमत मोजावी लागली. बसणाऱ्याचा छळ कमी झाला. त्याबदल्यात त्याचा परिसर गेला. चेहरा ठेवायचा आणि भोवताल सोडायचा, ही निवड छायाचित्रकाराने करण्यापूर्वीच भिंगाने केली होती. पेट्झवालला ही वक्रता माहीत होती. ती मोजण्याचे जे सूत्र त्याने मांडले, ते ‘पेट्झवाल बेरीज’ या नावाने भिंगशास्त्रात आजही शिकविले जाते. मात्र त्यावर उपाय करता येईल अशी काच त्याच्या काळी उपलब्ध नव्हती.

राजघराण्यातील दोन लग्ने

इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा विवाह १० फेब्रुवारी १८४० रोजी झाला. पांढऱ्या पोशाखातील वधू ही कल्पना युरोपात रूढ होण्यास हा विवाह मोठ्या प्रमाणावर कारण झाला. परंतु त्या प्रसंगाचे एकही छायाचित्र नाही. पेट्झवालचे भिंग तेव्हा व्हिएन्नात कागदावरच होते. राणीच्या लग्नाचे म्हणून जे फोटो अनेकदा छापले जातात, ते १८५४ मध्ये रॉजर फेंटनने घेतलेले आहेत. विवाहाला तेव्हा चौदा वर्षे उलटली होती.

राणीच्या थोरल्या कन्येचा विवाह प्रशियाच्या राजपुत्राशी २५ जानेवारी १८५८ रोजी झाला. तोवर काळ बदलला होता. लग्नविधीला निघण्यापूर्वी वधू आणि तिचे आईवडील, तिघे लग्नाच्या पोशाखात कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. टी. आर. विल्यम्स याने दागेरच्या पद्धतीने ते चित्र घेतले आणि ते आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. चित्रात वधू आणि वडील स्पष्ट आहेत. राणीचा चेहरा मात्र हललेला आहे. लेक परक्या देशी जाणार म्हणून आपल्या अंगाला असा कंप सुटला होता की आपली छबी अस्पष्ट उमटली, अशी नोंद तिने स्वतःच दैनंदिनीत केली.

आम्हांला हे चित्र फार मोलाचे वाटते. तांत्रिक दृष्ट्या ते फसलेले आहे. थोडे अधिक वेगवान भिंग असते तर राणी स्पष्ट आली असती. परंतु लेकीच्या लग्नाच्या सकाळी आईची काय अवस्था होते, हे त्या धूसर चेहऱ्याइतके दुसऱ्या कशाने कळले नसते. आणि ते कळते याचे कारण आई चित्रात आहे. ती चौकटीबाहेर नाही.

सोळा वर्षांची वधू

आता अगदी निराळे उदाहरण पाहू. कोलकात्यात १८१५ साली जन्मलेल्या ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंना १८६३च्या नाताळाच्या सुमारास लेक-जावयाने एक कॅमेरा भेट दिला. बाईंचे वय तेव्हा ४८. इंग्लंडच्या दक्षिणेकडील आइल ऑफ वाइट या बेटावर त्यांचे घर होते. कॅमेऱ्याला पॅरिसच्या जामँ याने पेट्झवालच्या धर्तीवर केलेले भिंग होते. बाई ते पुरते ताणून रेखीव करण्याच्या भरीस पडत नसत. समोरचे रूप डोळ्यांना सुंदर दिसले की तेथेच थांबावे, अशी त्यांची रीत. लंडनच्या जाणकारांनी या धूसरपणाबद्दल त्यांची थट्टा केली. काचा मोठ्या आणि खोल्यांतला उजेड मंद असल्याने त्यांच्यापुढे बसणाऱ्यांना, भिंग वेगवान असूनही, बराच वेळ स्तब्ध राहावे लागे.

२० फेब्रुवारी १८६४ रोजी लंडनमध्ये एलन टेरी या सोळा वर्षांच्या नटीचा विवाह जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या प्रसिद्ध चित्रकाराशी झाला. वॉट्सचे वय ४६ होते. त्याच वर्षी, बेटावरील कवी टेनिसन यांच्या घरी, कॅमेरॉनबाईंनी या नववधूचे छायाचित्र घेतले. लग्नाचा पोशाख नाही, फुले नाहीत, नवरा नाही. नक्षीदार कागद लावलेल्या भिंतीला मुलगी टेकली आहे; डोळे खाली झुकलेले, हात गळ्यातील माळेशी चाळा करणारा. चित्राला बाईंनी नाव दिले ‘खिन्नता’.

वॉट्सनेही आपल्या पत्नीचे चित्र रंगविले होते. त्यात ती लग्नाच्या पोशाखात, फुलांच्या झाडापाशी, शोभिवंत पण निर्गंध फूल आणि साधी पण सुगंधी फुले यांतून निवड करते आहे. निवड कशाची करावी, याचा उपदेश चित्रकाराने चित्रातच भरून ठेवला आहे. भिंगाने मात्र उपदेश केला नाही. त्याने एक चेहरा तेवढा दाखविला. वर्षभराच्या आतच ते दोघे विभक्त झाले. एलन टेरी पुढे इंग्लिश रंगभूमीवरील अत्यंत नामांकित अभिनेत्री झाली.

एका छायाचित्रावरून कुणाच्या संसाराचा निकाल लावू नये, हे खरे. तरीही एवढे म्हणता येईल की, भोवताल विरघळवून टाकणारे भिंग नेहमीच नटवेपणासाठी असते असे नाही. वऱ्हाडाच्या गर्दीत, दागिन्यांच्या लखलखाटात जी मुलगी दिसेनाशी होते, ती अशा भिंगापुढे एकटी येते आणि तिच्या मनात काय आहे ते पाहणाऱ्याला विचारावेसे वाटते.

मुंबईची वाट

आपल्याकडे छायाचित्रण फार उशिरा आले नाही. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारख्यांनी मुंबईत धंदा म्हणून ही कला हाती घेतली. गोव्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘सौझा अँड पॉल’ ही पेढी नावारूपास आली. बेगम समरूने बांधलेल्या मरियामातेच्या भव्य मंदिरामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या सरधना गावी १८४४ मध्ये जन्मलेले राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत आपला स्टुडिओ काढला. त्याआधी १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी ‘जनाना’ स्टुडिओ उघडून तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला होता. पडद्यातील स्त्रियांनाही आपला चेहरा कागदावर पाहावासा वाटत होता, याचाच हा पुरावा.

आपल्याकडील वधूची मात्र एक निराळी अडचण होती. त्या काळच्या पत्र्यांना आणि काचांना निळा प्रकाश चटकन जाणवे, तांबडा जवळजवळ मुळीच जाणवत नसे. परिणामी लाल लुगडे नेसलेली नवरी फोटोत काळ्या वस्त्रात येई, आणि सोन्याची झळाळी मंदावे. याउलट पांढरा झगा आणि जाळीदार ओढणी इतकी उजळ येई की तिच्यावरचे भरतकाम पुसले जाई. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञाने रंगद्रव्ये मिसळून ही उणीव भरून काढण्याचा मार्ग दाखविला; सर्व रंग जाणणाऱ्या काचा बाजारात आल्या त्या १९०६ मध्ये. तेव्हा आपल्या पणजीच्या लग्नाच्या फोटोत ती काळ्या लुगड्यात दिसली, तर नवल करू नये. ते बहुधा लालच असेल.

सारेच स्पष्ट दिसू लागले

मग आजी-आजोबांच्या फोटोत सगळे इतके रेखीव कसे? पेट्झवालला जी काच मिळाली नव्हती, ती १८८०च्या दशकात जर्मनीतील येना येथे ऑटो शॉट आणि एर्न्स्ट आबे यांच्या प्रयत्नांतून तयार झाली. तिच्या आधारे त्साइस कारखान्यातील पाउल रुडोल्फ याने १८९० मध्ये ‘प्रोटार’ आणि १९०२ मध्ये ‘टेसार’ ही भिंगे सिद्ध केली. ही पेट्झवालच्या भिंगाइतकी उजेड घेणारी नव्हती. पण कडेपासून कडेपर्यंत सपाट आणि स्वच्छ चित्र देत. दरम्यान काचाही वेगवान झाल्या होत्या आणि कृत्रिम उजेडही आला होता. १८८७ मध्ये मॅग्नेशियमची भुकटी पेटवून झगझगाट करण्याची युक्ती निघाली. १९२९ मध्ये तिच्या जागी काचेचा फ्लॅश-बल्ब आला.

छिद्र बारीक करून, भरपूर उजेड टाकून, दहा-वीस माणसांचे वऱ्हाड एका ओळीत स्पष्ट टिपणे आता शक्य झाले. लग्नाच्या फोटोचा अर्थ ‘सर्वांचा फोटो’ असा झाला तो या भिंगांमुळे. वरमाय, मामा, करवल्या, मांडीवरची पोरे, सारे जमिनीवर सतरंजी टाकून बसविले जाऊ लागले.

पुन्हा चेहऱ्याकडे

विसाव्या शतकात चक्र पुन्हा फिरले. लुडविग बेर्टेले याने १९२४ मध्ये एर्नोस्टार आणि १९३२ मध्ये एफ/१.५ची सोनार ही भिंगे रचली. खोलीतल्या साध्या दिव्यावर फोटो निघू लागला. पुढे जपानी कारखान्यांनी ८५ मि.मी. केंद्रांतराचे भिंग हे चेहऱ्यासाठीचे खास साधन म्हणून घरोघरी पोहोचविले. १९८९ मध्ये कॅननने या जातीचे एफ/१.२चे भिंग आणले. पेट्झवालच्या भिंगाच्या तुलनेत हा उजेड नऊ पट झाला.

याचा व्यवहारातील अर्थ असा. ८५ मि.मी.चे भिंग एफ/१.४वर उघडे ठेवून २ मीटरवर उभ्या असलेल्या नवरीचा फोटो घेतला, तर सुस्पष्ट पट्टा भरतो अवघा चार ते पाच सेंटिमीटर, म्हणजे दोन-अडीच बोटे. डोळे रेखीव असले तर कान नाहीत. तेच भिंग एफ/८वर आणले तर पट्टा वीतभर होतो. मागच्या धूसरपणाची गोडी वर्णन करण्यासाठी जपानी छायाचित्रकारांचा ‘बोके’ हा शब्द १९९७ पासून इंग्रजीतही रुळला. मराठी वाचकाने मांजराची आठवण काढू नये; त्या शब्दाचा अर्थ ‘पुसटपणा’ एवढाच आहे. जो दोष पेट्झवालला घालविता आला नाही, त्याला आता नाव मिळाले, मान मिळाला. इतकेच नव्हे, तर २०१३ मध्ये व्हिएन्नातीलच लोमोग्राफी या कंपनीने आजच्या कॅमेऱ्यांसाठी पेट्झवालचे पितळी भिंग नव्याने बनवावयास घेतले, ते नेमके त्या गरगरत्या, धूसर कडांसाठी. आणि गेल्या दहाएक वर्षांत मोबाइल फोन तर हा पुसटपणा निव्वळ गणिताने निर्माण करू लागले आहेत. तोफखान्याच्या दहा माणसांचे काम आता खिशातले यंत्र क्षणात करते.

वेदीपाशी उभे राहणाऱ्या आमच्यासारख्यांना अशा भिंगांचे उपकारही मानले पाहिजेत. वधूवर वचने उच्चारीत असता डोळ्यांवर फ्लॅश फुटला की शब्द अडखळतात. वेगवान भिंग स्वतःचा उजेड आणीत नाही; खिडकीचा आणि मेणबत्तीचा जो उजेड आहे, त्यावर ते भागविते. ते हाती असलेला फोटोग्राफर दूर, शांतपणे उभा राहू शकतो.

दोन फोटो

विवाहासंबंधी ख्रिस्तसभा फार जुन्या काळापासून दोन गोष्टींचा आग्रह धरीत आली आहे. पहिली, वधूची आणि वराची स्वतःची, मोकळ्या मनाची संमती. ती त्यांच्यावतीने आई देऊ शकत नाही, मामा देऊ शकत नाही. दुसरी, साक्षीदार. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये असे ठरविले की धर्मगुरू आणि किमान दोन साक्षीदार यांच्यासमोर विवाह व्हावा आणि त्याची नोंद वहीत राहावी. तेव्हापासून विवाहाच्या नोंदवहीत वधूवरांच्या जोडीला साक्षीदारांचीही नावे आहेत. एकट्या माणसाने एकट्याने दिलेले ते वचन असते, पण ते चारचौघांत दिलेले असते.

छायाचित्रणाच्या इतिहासातही आम्हांला ह्याच दोन बाजू दिसतात. पेट्झवालच्या कुळातले भिंग संमती देणाऱ्या एकट्या चेहऱ्याकडे पाहते. येनाच्या काचेचे भिंग साक्षीदारांना जागा देते. आजी-आजोबांच्या पिढीला दुसरे मिळाले, पहिले फारसे नाही. आजीच्या मनात त्या दिवशी काय होते, हे तो ताठ फोटो सांगत नाही. नातीच्या पिढीला पहिले भरभरून मिळते आहे. शंभर-शंभर फोटोंचे आल्बम घरी येतात; त्यांत नवरीच्या डोळ्यांतले पाणीसुद्धा दिसते, पण पाठीमागची ती रंगीत आकृती आत्याची की मावशीची, हे आणखी तीस वर्षांनी कुणालाही ओळखता येणार नाही. त्या आकृतीने कदाचित नवरीचे शिक्षण केलेले असेल, तिच्या आजारात रात्री जागविल्या असतील. आल्बम उघडणाऱ्या नातवंडांसाठी ती केवळ छान पुसलेली पार्श्वभूमी असेल.

म्हणून वेगवान भिंगाला नाके मुरडण्याचे कारण नाही. त्याचा आग्रह अवश्य धरावा. वधूचे एक तरी एकटीचे, उगाच हसायला न लावलेले चित्र घरात असावे. परंतु त्याच दिवशी, त्याच फोटोग्राफरला सांगून, दुसरा एक फोटो काढून घ्यावा. दोन-चार पावले मागे सरून, छिद्र एफ/८च्या आसपास आणून, सर्वांना उजेडात उभे करून. घाई असेल, नवरी दमलेली असेल, आचारी वाढण्यासाठी खोळंबले असतील. तरी पाच मिनिटे काढावीत. आणि कागदावर छापून आल्यावर त्याच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने तारीख, गाव आणि डावीकडून उजवीकडे प्रत्येकाचे नाव लिहावे. हे काम नवरीच्या आजीला बरोबर घेऊन करावे, कारण दूरच्या नातलगांची पूर्ण नावे बहुधा तिलाच आठवत असतात.